पन्हळीचा जोड

४ मे, सोमवार

प्रिय बाबा,

कुलूप उघडायला पाऊण तास लागला. तेल नव्हतं, मग शिवणवाल्या मावशींनी समोरून त्यांच्या मशीनची तेलाची बाटली आणून दिली आणि वर म्हणाल्या, "प्लंबरच्या घराचं कुलूप गंजावं म्हणजे कमाल आहे." म्हणजे मी घरी आलेय. आपल्या घरी. दादाने सांगितलं असेल, नसेल, त्याचा काही नेम नाही.

फोन केला की दादा उचलतो आणि तुम्ही मागून "झोपलोय म्हणून सांग" असं म्हणता. इतक्या मोठ्याने म्हणता की मला इथे स्पष्ट ऐकू येतं. म्हणून हे पत्र. आता पत्राला काय सांगणार?

दादाचं आणि माझं असं ठरलंय की या पावसात घर कोरडं राहिलं तर तुम्ही परत यायचं, आणि यंदाही पाणी आलं तर तो घर विकून टाकणार. मी विचारलं, "बाबांना यायचंय का पण?" तर म्हणाला, "ते म्हणतात माझा हात गेला. पस्तीस वर्षं लोकांची गळती थांबवली आणि स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी. कुठल्या तोंडाने त्या गल्लीत राहू?"

गुडघाभर नव्हतं बाबा. घोट्याच्या वर चार बोटं. मी आज मोजलं, मागच्या खोलीत भिंतीवर रेघ आहे अजून. त्या रेघेखाली सगळा पोपडा सुटलाय आणि वरून, छतापासून, एक लांब डाग उतरलाय. उलट्या टांगलेल्या बकरीसारखा दिसतो. तुम्ही हा डाग पाहिला नाहीत, गेल्या पावसाळ्यात तुम्ही दादाकडे गेलात तेव्हा भिंत सगळीच ओली होती, बकरी नंतर उमटली.

येताना जो ट्रकवाला भेटला तो एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने संत्रं सोलत होता, सालाचा एकच लांब तुकडा. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाला बायको रुसून माहेरी गेली होती तेव्हा. ते असो. काय सांगत होते? हां, घर.

उद्यापासून कामाला लागते. पत्र्याचे खिळे बघायचे, भेगा भरायच्या, पन्हळ साफ करायची, मोरीची जाळी बदलायची, खिडकी. तुम्ही जसं करायचात तसंच करायचा विचार आहे, पण मला अर्धंच येतं. उरलेलं अर्धं तुमच्याकडे आहे. ते तेवढं पाठवा. बोलायचं नसेल तर बोलू नका, नुसतं काम लिहा.

तुमची
भिंगरी
(हे नाव तुम्हीच ठेवलंत. एका बाकावर सलग दोन तास बसले असते तर मलाही चांगलं नाव मिळालं असतं.)


१० मे, रविवार

प्रिय बाबा,

चिठ्ठी आली! विजेच्या बिलाच्या पाठीवर, ना मायना ना सही, पण अक्षर तुमचं. "शिडी वर दोरीने बांध. पत्र्यावर खिळ्यांच्या रांगेवरच पाय, मधे नाही. पन्हळीत हात घालायच्या आधी काठी घाल." मी तीनदा वाचली. मावशींना वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, "एवढं प्रेमपत्र आमच्या ह्यांनी मला जन्मात लिहिलं नाही."

मस्करी नाही, माझ्यासाठी ते तसंच आहे.

पत्रे पाहून झाले. सात खिळ्यांचे वायसर कडक होऊन फुटलेत. ते काढून नवे रबरी घातले आणि वरून डांबर लावलं. थोडं डांबर माझ्या केसांना. मावशी खाली शिडी धरून उभ्या होत्या आणि तोंडाने सतत, "पडलीस तर मी सांगणार नाही हां तुझ्या बापाला, तूच सांगायचं." त्या शिडी धरतात म्हणजे एका हाताने धरतात, दुसऱ्या हातात कुणाचा तरी ब्लाऊज असतो काज करायला.

पुढच्या भिंतीची भेग मी आधी नुसती सिमेंटने बुजवली. तुम्ही बघितलं असतंत तर डोक्याला हात लावला असता. दुसऱ्या दिवशी सुकून तिथेच परत भेग, आणि शेजारी तिचं पिल्लू. मग आठवलं, भेग आधी टाचणीएवढी असली तरी फोडून रुंद करायची, धूळ काढायची, पाणी मारायचं आणि मग भरायची. एकदा मी म्हटलं होतं, लहान भेग मोठी कशाला करायची? तुम्ही म्हणालात, आत काय आहे ते बघितल्याशिवाय वरून लिंपायचं नाही.

पन्हळ अजून व्हायची आहे.

मागच्या खोलीतलं कपाट चार विटांवर चढवलं. आईची ट्रंक माळ्यावर टाकली. ट्रंकेत काय सापडलं सांगू? माझा दुसरीतला निबंध, "माझे बाबा". पहिलं वाक्य असं: माझे बाबा जातील तिथे पाणी बंद करतात. बाईंनी खाली लाल पेनाने विचारलंय, का?

तुमची
भिंगरी


१७ मे, रविवार

प्रिय बाबा,

पन्हळ साफ केली. खरंच केली.

आधी काठी घातली. विंचू नव्हता, एक पाल होती, ती माझ्याहून जास्त घाबरली. पूर्ण पन्हळीतून दोन घमेली कचरा निघाला. पानं, माती, एक चमचा (आपला, निळ्या दांड्याचा, कावळ्याने नेलेला असणार), एक फुटका चेंडू, कुणाचा तरी मोजा. मग पाइपच्या तोंडाशी आतपर्यंत हात घालून बघितलं. मोकळं. वर नवी तारेची जाळी बसवली म्हणजे पानं अडतील आणि पाणी जाईल.

पन्हळीचा उतारही पाहिला, तुम्ही लिहिल्याप्रमाणे वाटीभर पाणी टाकून. मधे एका जागी पाणी थबकत होतं, तिथला कंस वाकलाय, तो दोन बोटं उचलून घेतला. आता धावत जातं.

मावशींची एक गंमत. त्यांची सून आली होती, तिने विचारलं, "ही कोण वर?" मावशी म्हणाल्या, "प्लंबरची मुलगी. जग फिरून आली, आता पत्र्यावर फिरतेय." जग कसलं! दोन वर्षांत मी केलं काय, तर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढल्या, एका खाणावळीत भांडी घासली, आणि गेल्या वर्षी त्या फिरत्या नाटकवाल्यांबरोबर दिवे लावायचं काम. पडद्यामागे उभं राहून योग्य वेळी खटका दाबायचा. मला एकदाही योग्य वेळ साधली नाही. राजा मरायच्या आधीच मी अंधार करायचे. मेलेला राजा उठून मला शिव्या द्यायचा.

खिडकीच्या चौकटीला सिलिकॉन लावलं. ओबडधोबड झालंय, पण लावलंय. उंबऱ्यावर फळी बसवायला दोन्ही बाजूंना खाचा केल्या, गल्लीत पाणी तुंबलं तर फळी टाकायची आणि बाहेरून मातीच्या पिशव्या. फ्रिजच्या मागचा प्लग वर घेतला. तो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतला, मी नाही, घाबरू नका.

तुम्ही परवाच्या चिठ्ठीत विचारलंत, "जोड कसा आहे?" बस, एवढंच, तीन शब्द.

पन्हळ खाली जाणाऱ्या पाइपला मिळते तिथला तो तुमचा जोड दिसायला बरा आहे बाबा.

तुमची
भिंगरी


२२ मे, शुक्रवार

प्रिय बाबा,

"दिसायला बरा म्हणजे काय? दिसायला सगळेच बरे असतात. निळीचं पाणी ओत." हे वाचून मला हसू आलं, तुमचा आवाजच ऐकू आला.

तर ऐका. मावशींकडून कपड्यांची नीळ आणली, बादलीत कालवली, पाणी पार शाईसारखं केलं. पाइपचं खालचं तोंड चिंध्यांचा बोळा घालून बंद केलं, म्हणजे पाणी जोडापर्यंत चढून उभं राहील. मग वरून ओतलं आणि तुम्ही सांगितलंत तसं अर्धा तास थांबले. बाहेरून जोडाला पांढरा कागद गुंडाळला होता. आत मागच्या खोलीत मावशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, मी वरून ओरडायचे, "दिसतंय का काही?" आणि त्या आतून, "बकरी दिसतेय!"

अर्ध्या तासाने कागद सोडला. पांढरा. भिंत कोरडी.

मग खालचा बोळा काढला आणि सगळं निळं पाणी धो धो गल्लीत. तिथे नेमकं शिंप्याचं मांजर (म्हणजे मावशींचंच, पण ते राहतं सगळ्यांकडे) पडलं होतं. पोटापासून खाली निळं झालंय. मावशी म्हणाल्या, "धुतलेलं तरी वाटतंय आता."

तेव्हा सगळं ठीक आहे. घर तयार आहे. तुम्ही पाऊस पडायच्या आधीच या ना. दादाला काय कळतं पाण्यातलं? पावसात घर कोरडं राहतंय का ते तुम्ही इथे बसूनच बघा.

तुमची
भिंगरी

ता. क. तुमच्या हत्यारांची पिशवी पलंगाखाली होती. गंज धरला होता थोडा, मी पुसून तेल लावून ठेवलीय. तुम्ही ती नेली नाहीत हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुम्ही तिच्याशिवाय दुकानापर्यंतही जात नाही.


२८ मे, गुरुवार

प्रिय बाबा,

तुमची चिठ्ठी काल आली. या वेळी बिलाच्या पाठीवर नाही, दादाच्या मुलीच्या वहीचं पूर्ण पान. इतकं मोठं तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं, आणि मी ते कालपासून खिशात घेऊन फिरतेय.

तुम्ही लिहिलंत: "कागद पांढरा असं होणार नाही. तू पाणी कमी ओतलं असशील. गेल्या वर्षी पाणी आलं, म्हणजे जोड सुटलेला आहे. तो जोड मी लावला तेव्हा हात थरथरायला लागला होता. मला तेव्हाच शंका होती, पण मी म्हटलं चालेल. चालेल म्हणणारा प्लंबर संपला. मी कुणाचंही काम आता घेणार नाही ते त्याच्याचसाठी. तू तो जोड कापून काढ. नवीन बसव. कसा ते खाली लिहिलंय." आणि खाली कसा ते लिहिलंय, चित्रासकट. चित्रातल्या रेघा हलल्यात. त्या रेघा पाहून मला काय झालं ते लिहीत नाही.

मी आज सकाळी करवत घेऊन वर गेले. पाइपचा नवा वाकडा बेंड, चिकटवायचं सोल्यूशन, फडकं, सगळं घेऊन. मावशी खाली. करवत जोडाच्या खाली चार बोटांवर टेकवली, तुम्ही लिहिलंत तिथेच.

मला कापता आलं नाही.

बाबा, तो जोड चांगला आहे. तो सुटलेला नाही. तो कधीच सुटला नव्हता.

आता मी सांगते आणि तुम्ही हे पूर्ण वाचा, मधे दादाला द्यायचं नाही, फाडायचंही नाही.

गेल्या वर्षी तुमचे गुडघे धरले होते आणि तुम्ही मला म्हणालात, "पन्हळ तेवढी साफ कर, पाऊस आठवड्यावर आलाय." मी वर गेले. तिथून मैदान दिसतं. मैदानात नाटकवाल्यांचा ट्रक आला होता, ते सामान उतरवत होते, एक बाई सिंहासन डोक्यावर घेऊन चालली होती. मी पत्र्यावर बसून बघत राहिले. किती वेळ ते कळलं नाही. मग मी उतरले, पन्हळीला बोट न लावता, आणि मैदानात जाऊन विचारलं माणूस हवाय का, तर ते म्हणाले हवाय, आजच. मी घरी येऊन पिशवी भरली. तुम्ही विचारलंत, "झाली का पन्हळ?" मी म्हटलं, "झाली." तुम्ही म्हणालात, "शाब्बास."

मला वाटलं होतं दोन-तीन दिवसांत येऊन करून टाकू.

पाणी आल्याचं कळल्यावर मी चौथ्या दिवशी पोचले. तुम्ही मागच्या खोलीत स्टुलावर बसला होतात, पाय वर घेऊन, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "वर जाऊन जोड बघ." मी गेले. पन्हळ काठोकाठ भरलेली. पाइपच्या तोंडात पानांचा आणि मातीचा बोळा, माझ्या मुठीएवढा. मी तो ओढून काढला आणि पाणी एकदम खाली गेलं, भांड्यातून जातं तसं गट गट करत. तेवढंच होतं बाबा. पाण्याला खाली जायला वाट नव्हती म्हणून ते मागे फिरून पत्र्याखालून भिंतीत उतरलं. तुमचा जोड त्या सगळ्या पाण्याखाली चार दिवस घट्ट उभा होता.

बोळा मी भिंतीपलीकडे फेकला.

खाली आले तर तुम्ही विचारलंत, "जोड सुटला ना?" आणि मी मान हलवली. होय म्हणून.

मी विचार करून हलवली नाही. तुम्ही तसं विचारलंत, उत्तर आधीच ठरलेलं असल्यासारखं, आणि मान हलली. मग दादा आला, मग तुम्ही गेलात, मग रोज वाटायचं की उद्या सांगू. मला वाटायचं एका जोडाचं काय, बाबा दहा हजार जोड लावलेला माणूस, विसरून जातील. तुम्ही त्याच्यापायी हत्यारं सोडलीत हे मला इथे येऊन, पलंगाखाली वाकल्यावर कळलं. तेव्हाही मी तुम्हाला मांजराचीच गोष्ट लिहिली.

मावशींनी खालून विचारलं, "कापतेस का नाही? माझे हात भरून आले." मी वरूनच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काज करायचा ब्लाऊज खांद्यावर टाकला. मग म्हणाल्या, "उतर आधी. हे वर बसून बोलायचं नाही." उतरल्यावर त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात, आणि मग चहा दिला.

जोड मी कापणार नाही. तुमचं ऐकलं नाही, याच्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. बाकीच्याबद्दलही.

भिंगरी


९ जून, मंगळवार

प्रिय बाबा,

बारा दिवस झाले. चिठ्ठी नाही. दादा फोनवर म्हणाला, "काय लिहिलंस तू? ते दिवसभर गॅलरीत बसून हाताकडे बघतात. मुलीने विचारलं आजोबा काय झालं, तर म्हणाले काही नाही, ओळख पटवतोय." दादाला मी सांगितलं काय लिहिलं ते. त्याने फोन ठेवून दिला, मग अर्ध्या तासाने परत केला आणि म्हणाला, "तू मूर्ख आहेस," आणि परत ठेवला.

शनिवारपासून पाऊस लागलाय. थांबायचं नाव नाही. गल्लीत पाणी पायरीपर्यंत आलं होतं काल, मी फळी टाकली, पिशव्या लावल्या, फळीच्या फटीत मावशींनी चिंध्या कोंबल्या. "आयुष्यभर चिंध्या साठवल्या त्या आज कामाला आल्या," म्हणाल्या. एक थेंब आत आला नाही.

मागची खोली कोरडी आहे. मी पहाटे, दुपारी, संध्याकाळी भिंतीला हात लावून बघते. बकरी हाताला गार लागते पण ओली नाही. पाइपमधून पाणी जातंय त्याचा आवाज सारखा येत असतो, मला आता त्याच्याशिवाय झोप यायची नाही.

खिडकी गळली. माझं सिलिकॉन सुटलं, खालच्या कोपऱ्यातून धार. टॉवेल पिळून पिळून लावतेय. म्हणजे या घरात एकच काम फसलंय, आणि ते माझं. हे दादाला सांगितलं तर तो घर विकेल म्हणून सांगत नाही असं आधी ठरवलं होतं. मग सांगितलं. आता लपवायचा कंटाळा आलाय. तो म्हणाला, "खिडकीचं मी धरत नाही."

घर राहिलं बाबा. पण ते तुम्हाला आणायला पुरत नाही, एवढं मला कळतं. तुम्हाला राग आला असेल तर तो इथे येऊन काढा, तिथे त्या गॅलरीत त्याचं काय होणार? आणि मी समोर नको असेन तर तसं लिहा. मी मावशींच्या माळ्यावर राहीन. त्यांनी जागा केलीय.

भिंगरी


१६ जून, मंगळवार

बाबा,

तुम्ही मागच्या खोलीत आहात आणि मी पुढच्या खोलीत बसून तुम्हाला पत्र लिहितेय. हसू नका. हसलात तर बरंच आहे म्हणा.

शनिवारी दुपारी तुम्ही दारात उभे होतात, निथळत, दादाची छत्री न उघडता हातात धरून. मी "बाबा" म्हटलं. तुम्ही फळी ओलांडलीत, चपला काढल्यात, सरळ मागे गेलात आणि भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिलात. पाइपचा आवाज ऐकत होतात. किती वेळ. मी टॉवेल घेऊन मागे उभी. मग तुम्ही एकच बोललात, माझ्याकडे न वळता: "वर्षभर मी या हाताला शिव्या घातल्या."

मी टॉवेल तिथेच स्टुलावर ठेवला. पन्हळीचं तुम्हाला काही वाटलेलं नव्हतं, पोरं विसरतात असं तुम्ही कुणाबद्दलही म्हणाल. वर्षभराचं होतं ते.

मग शनिवार गेला, रविवार गेला. मी ताट ठेवायचे, तुम्ही जेवायचात. "मीठ?" म्हटलं की मान हलवायचात. आपल्या घरात इतकं मुकं कधी कुणी राहिलं नव्हतं. काल मी पिशवी भरायला घेतली होती, खरं सांगते. दोन सदरे टाकले आणि परत काढले. माझ्या जाण्यानेच सगळं झालं होतं, परत तेच कसं करायचं?

आणि आज सकाळी मावशी आल्या. दारातूनच, पूर्वीसारखं, "अहो प्लंबर, आहात का? माझ्या मोरीचा नळ उडालाय, घरात कारंजं झालंय!"

तुम्ही आतून म्हणालात, "दुसरा कुणी बघा. हात थरथरतो माझा."

"थरथरू दे की! नळ आहे तो, सुईत दोरा नाही ओवायचा. मी पासष्टीची झाले, मी ओवतेय अजून."

तुम्ही उठलात. पलंगाखालून पिशवी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आलात आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. "चल. मी सांगतो, तू पिळ. आणि कुठे ट्रकबिक आला तर तिकडे बघायचं नाही."

मावशी हसल्या. मी नाही हसले, मला भीती होती रडेन म्हणून.

मोरीत गुडघ्यावर बसून तुम्ही बोटांनी आटे चाचपलेत. तुमचा हात थरथरत होता, पण आटा कुठे खाल्लाय ते त्याच हाताला कळलं, मला दोन डोळ्यांनी दिसलं नव्हतं. "इथे. टेप गुंडाळ. उलट गुंडाळतेस, तशी सुटेल. हां. आता पाना लाव. आणखी. आणखी. बस! बस म्हटलं ना, ताकद दाखवायची नाही, ऐकायचं." मावशींनी मेन कॉक उघडला. नळ गुरगुरला आणि गप्प झाला. तुम्ही त्याच्या गळ्याभोवती बोट फिरवलंत, सावकाश, सगळ्या बाजूंनी, आणि मग ते बोट माझ्या गालाला पुसलंत. कोरडं होतं.

येताना गल्लीत मी विचारलं, "बाबा, माफ केलं का?"

तुम्ही म्हणालात, "ते नंतर बघू. आधी पाना पुसून ठेव."

पाना पुसलाय. तेलही लावलंय. पिशवी जागेवर आहे. आता ते नंतर म्हणजे कधी, एवढं कळवा. घाई नाही. तोंडाने सांगायचं नसेल तर बिलाच्या पाठीवर लिहून दाराखालून सरकवा. पत्ता सोपा आहे: पुढची खोली, गळक्या खिडकीशेजारी. मी पत्ता बदलणार नाहीये.

तुमची
भिंगरी